जॉयस्टिक बिघडली, वॉरंटी आहे, पुढे काय?

जळगावच्या धावपट्टीवरून एक छोटं सेसना विमान उडालंय. भुसावळ मागे पडलं, खाली तापी, समोर सातपुड्याची रांग, अशीरगड दिसायला अजून थोडा अवकाश. हे सगळं अर्थात संगणकाच्या पडद्यावर. वैमानिक बसलाय चांदनीत, आपल्या घरी, टेबलावर जॉयस्टिक ठेवून. चढण चालू असतानाच तो हात काढून चहाचा कप उचलतो आणि विमान आपलं आपण डावीकडे कलायला लागतं. कुणी काही दाबलेलं नाही, कुणी काही फिरवलेलं नाही. चार महिन्यांपूर्वी घेतलेली जॉयस्टिक, वर्षाची वॉरंटी. बिघडली की काय?

चांदनी हे मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातलं, नेपानगरच्या कागद कारखान्याच्या शेजारचं गाव. मध्य रेल्वेच्या भुसावळ–खंडवा मार्गावर त्याच नावाचं छोटं स्टेशन आहे. जॉयस्टिक इथे ऑनलाइन मागवता येते, दारात येते. ती दुरुस्त किंवा बदली करून देणारं केंद्र मात्र बहुधा शेकडो किलोमीटर लांबच्या मोठ्या शहरात असतं. शहरातला माणूस वस्तू पिशवीत टाकून काउंटरवर जाऊ शकतो, समोरच्याला बिघाड दाखवू शकतो. चांदनीकराला ती सोय नाही. त्याचा बिघाड कागदावर, फोटोत आणि व्हिडिओतच दाखवावा लागतो. म्हणून अशा ठिकाणी वॉरंटीचा निम्माअधिक निकाल खोकं घराबाहेर पडण्याआधीच लागलेला असतो. तो आपल्या बाजूने कसा लावायचा, ते पाहू.

पहिला संशय विमानावरच

डावीकडे कलणं हा जॉयस्टिकचा दोष असेलच असं नाही. एका पंख्याचं विमान खरोखरच डावीकडे ओढ घेतं आणि चांगला सिम्युलेटर ती ओढ प्रामाणिकपणे दाखवतो.

सेसनासारख्या विमानाचा पंखा वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. इंजिन पंख्याला एका बाजूला फिरवतं, त्याची प्रतिक्रिया म्हणून विमानाचं धड उलट्या बाजूला, म्हणजे डावीकडे कलू पाहतं. पंख्याने मागे फेकलेली हवा सरळ न जाता धडाभोवती गिरकी घेत जाते आणि शेपटीच्या उभ्या पात्यावर डावीकडून आदळते. शेपूट उजवीकडे ढकललं गेलं की नाक डावीकडे वळतं. चढताना नाक वर असतं, तेव्हा पंख्याचं खाली येणारं उजवं पातं हवेत जास्त घास घेतं. उजवी बाजू जोर करते, नाक पुन्हा डावीकडे. वेग कमी आणि इंजिन पूर्ण जोरात असलं, की हे तिन्ही परिणाम एकत्र येतात. खरा वैमानिक अशा वेळी उजव्या पायाने रडरचं, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचं, पेडल दाबून धरतो.

तेव्हा तपासणीची पहिली पायरी सोपी आहे. पंख्याचं विमान सोडून दोन इंजिनांचं जेट निवडायचं, सरळ पातळीत उडवायचं, वारा शून्य करायचा आणि हात काढायचा. विमान सरळ राहिलं, तर जॉयस्टिक निर्दोष. तक्रार करायचीच असेल तर न्यूटनकडे करावी.

दुसरा संशय सेटिंगवर. टेबलावर जॉयस्टिक आणि पायाखाली वेगळी रडर पेडल्स असतील, तर खेळ कित्येकदा दोघांनाही रडरचंच काम आपणहून वाटून टाकतो. जॉयस्टिकचं हँडल पिळलं की रडर फिरतो आणि पेडल दाबलं तरीही. मग पेडलवर पाय किंचित टेकला असला तरी विमान वळतं आणि आपण हाताला दोष देतो. नियंत्रणांच्या यादीत जाऊन एका कामाला एकच अक्ष बांधलेला आहे ना, हे बघायला दोन मिनिटं लागतात.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची: खेळ पूर्ण बंद करायचा. विंडोजमध्ये ‘रन’ची चौकट उघडून इंग्रजीत जॉय, टिंब, सीपीएल अशी अक्षरं टाकली की जोडलेल्या कंट्रोलरची यादी येते. ‘प्रॉपर्टीज’मध्ये एक चौकोन आणि त्यात छोटी फुली दिसते. हँडल सोडलं की फुली मध्यभागी स्थिर राहायला हवी. इथे खेळ नाही, विमान नाही, वारा नाही. फक्त जॉयस्टिक आणि संगणक. इथेही फुली सरकत किंवा थरथरत असेल, तर संशय वस्तूवर येतो.

हँडलच्या आत

जॉयस्टिकचं काम एका वाक्यात सांगता येतं: हँडल किती कललं आहे, हे तिने संगणकाला आकड्यात कळवायचं. हा आकडा मिळवण्याच्या दोन मुख्य रीती आहेत आणि बिघाडाचं स्वरूप बरंचसं त्यावर ठरतं.

स्वस्त जॉयस्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो. दुरुस्तीवाले त्याला नुसतं ‘पॉट’ म्हणतात. कार्बनचा लेप दिलेली एक अर्धगोल पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारी धातूची जीभ, एवढीच त्याची रचना. हँडल कललं की जीभ पट्टीवर सरकते, त्या जागेप्रमाणे विजेचा दाब बदलतो आणि आतली चिप त्या दाबाचा आकडा करते. दहा बिटची चिप असेल तर आकडा ० ते १०२३ मध्ये कुठेतरी असतो; हँडल मधोमध असताना साधारण ५१२. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण आठवा. काही वर्षांनी ते फिरवलं की खर्रर्र व्हायचं, मध्येच आवाज जायचा, थोडं पुढे-मागे केलं की यायचा. तिथेही आत हाच पॉट असायचा. जॉयस्टिकमध्ये ती खरखर कानाला ऐकू येत नाही. विमान अचानक हिसका देतं, इतकंच.

खरखर होते, कारण जीभ पट्टीवर घासून कार्बन झिजतो, झिजलेली भुकटी तिथेच साचते आणि बाहेरची धूळ तिच्यात मिसळते. बऱ्हाणपुरात यंत्रमागांचा धंदा मोठा. मागाशेजारच्या घरात सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात आणि हँडलच्या बुडाशी असलेल्या फटीतून ते आत जायला वाट असते. सगळ्यात जास्त झीज मधल्या जागेची होते, कारण विमान सरळ चालवताना जीभ तिथेच थोडी इकडे, थोडी तिकडे करत राहते. म्हणून पॉटचा पहिला बिघाड नेमका मध्यावर दिसतो आणि नेमका तोच सगळ्यात जास्त त्रास देतो.

दुसरी रीत चुंबकाची. १८७९ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल नावाच्या तरुण संशोधकाने सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडली आणि वर्खाला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावलं. वर्खाच्या दोन कडांमध्ये किंचितसा विजेचा दाब तयार झाला. चुंबक जितका जोरदार, तितका दाब जास्त. हाच हॉल परिणाम. जॉयस्टिकच्या हँडलला चुंबक बसवलेला असतो आणि समोर हॉलचा सेन्सर. हँडल कललं की चुंबक सरकतो, दाब बदलतो. कशाला काही घासत नाही, म्हणून झीज नाही. थ्रस्टमास्टरची टी १६००० एम ही जॉयस्टिक अशा सेन्सरवर चालते. तिच्या नावातला सोळा हजारांचा आकडा प्रत्येक अक्षावर ती ओळखू शकणाऱ्या पायऱ्यांवरूनच आला आहे.

मात्र ‘हॉल सेन्सर आहे’ असं खोक्यावर लिहिलं की सगळं हॉलवर चालतं, असं समजू नये. पुष्कळ जॉयस्टिकमध्ये पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हे दोनच अक्ष हॉलचे असतात. हँडल पिळण्याचा अक्ष किंवा थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारी, पट्टी पॉटवरच असू शकते. शिवाय पिळण्याच्या हँडलमधून बटणांच्या बारीक तारा वर जातात. त्या प्रत्येक पिळ्याला वाकतात आणि कधीतरी तुटतात. सेन्सर शंभर वर्षं टिकेल, पण तार दोन वर्षांत जाईल.

जाता जाता: वैमानिकांना जमिनीवर शिकवणारं पहिलं यशस्वी यंत्र बनवणारा माणूसही एडविनच, एडविन लिंक. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना होता. १९२९ च्या सुमारास त्याने ऑर्गनचेच भाते आणि झडपा वापरून डुलणारं लाकडी विमान केलं. सुरुवातीला ते जत्रेतल्या पाळण्यासारखं करमणुकीलाच विकलं गेलं. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराला टपालाची विमानं चालवायची वेळ आली, खराब हवेत वैमानिक मेले आणि मग लष्कराने लिंकची सहा यंत्रं घेतली.

कोणता बिघाड कसा दिसतो

फुली एकाच बाजूला, पण स्थिर सरकलेली असेल, तर बहुधा मध्य चुकला आहे. असा दोष कॅलिब्रेशनने, म्हणजे संगणकाला नव्याने मध्य आणि टोकं शिकवून, कित्येकदा जातो. हँडल सोडल्यावर तेच मध्यावर परत येत नसेल, तर स्प्रिंग किंवा सांधा. फुली नाचत असेल, हात न लावता आकडा ५१२ वरून ५३०, मग ४९८, मग एकदम ७०५ असा उड्या मारत असेल, तर पॉट. कॅलिब्रेशनच्या खिडकीत कच्चे आकडे दाखवायची खूण असते, ती चालू केली की हे आकडे डोळ्यांनी दिसतात.

जॉयस्टिक मध्येच नाहीशी होते, ‘टुंग’ असा आवाज येतो आणि काही क्षणांनी परत येते, अशी तक्रार असेल तर सेन्सरला विसरा. हा वीज किंवा केबलचा प्रश्न. आपल्याकडे कुठलंही यंत्र बिघडलं की विजेच्या चढउताराला दोष द्यायची सवय आहे, पण जॉयस्टिक भिंतीतल्या विजेवर चालत नाही. ती संगणकाच्या यूएसबीतून मिळणाऱ्या ५ व्होल्टवर चालते आणि साध्या यूएसबी २ च्या पोर्टला ५०० मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह द्यायचा असतो. एकाच स्वस्त हबवर जॉयस्टिक, थ्रॉटल, पेडल्स आणि मोबाइलचं चार्जर लावलं, की वाटणी कमी पडते. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टपेक्षा मागचे, थेट मदरबोर्डवरचे पोर्ट भरवशाचे. विंडोज वीज वाचवायला न वापरलेलं यूएसबी उपकरण झोपवतं, ती सोयही बंद करून पाहावी.

आता एक इशारा, आणि माझ्या मते या लेखातला तोच सगळ्यात उपयोगाचा. खेळाच्या सेटिंगमध्ये ‘डेडझोन’ असतो: मध्याभोवतीच्या एवढ्या हालचालीकडे दुर्लक्ष कर, असं संगणकाला सांगायचं. जॉयस्टिक थरथरायला लागली की लोक डेडझोन पाच टक्के करतात, दोन महिन्यांनी दहा, मग पंधरा. विमान शांत होतं आणि तक्रार विसरली जाते. आत पॉट झिजतच असतो. डेडझोन पुरेनासा होतो तेव्हा कपाटातून बिल काढलं जातं आणि वॉरंटी गेल्याच महिन्यात संपलेली निघते. म्हणून डेडझोन वाढवायचा असेल तर खुशाल वाढवा. त्याआधी फुली नाचतानाचा व्हिडिओ घ्या आणि कंपनीला तक्रारीचा ईमेल पाठवून ठेवा. वॉरंटीच्या मुदतीत तक्रार नोंदली गेली, हे नंतर दाखवता आलं पाहिजे.

चौकट: तक्रारीसोबत काय जोडाल

• बिलाची प्रत: तारीख, विक्रेत्याचं नाव, जीएसटी क्रमांक दिसेल अशी
• उपकरणाच्या बुडाशी असलेल्या सीरियल नंबरचा फोटो आणि खोक्यावरच्या आयातदाराच्या लेबलचा फोटो
• एकच अखंड व्हिडिओ: आधी सीरियल नंबर, मग केबल पोर्टला लावताना, मग टेस्टच्या खिडकीतली फुली, हात बाजूला ठेवलेला दिसला पाहिजे
• दुसऱ्या संगणकावर आणि दुसऱ्या पोर्टवर करून पाहिलं, त्याचा एका ओळीत निकाल
• बिघाड पहिल्यांदा कधी दिसला, ती तारीख

वॉरंटी कशाची आणि कुणाची

वॉरंटी हे निर्मात्याचं लेखी वचन. त्यात बहुतेक ठिकाणी असं म्हटलेलं असतं की साहित्यातला किंवा बनावटीतला दोष अमुक मुदतीत निघाला, तर आम्ही दुरुस्त करू किंवा बदलून देऊ. यातला ‘किंवा’ कंपनीच्या हातात असतो. पडून फुटणं, आत पाणी किंवा चहा जाणं, स्वतः उघडणं आणि ‘वापरामुळे होणारी झीज’ हे वगळलेलं असतं.

झीज हा शब्द वादाचा. पॉट झिजतोच, मग चार महिन्यांत झिजला तर तो दोष की झीज? सरळ विचार केला तर, वर्षाची वॉरंटी देताना निर्मात्याने साधारण वापरात वस्तू वर्षभर टिकेल असं गृहीत धरलेलं असतं. चार महिन्यांत पट्टी गेली तर ती पट्टीच कमी प्रतीची होती. तक्रारीत ‘झिजली’, ‘खराब झाली’ असे निदान करणारे शब्द आपण होऊन कशाला लिहायचे? ‘हात न लावता अक्षाचा आकडा उड्या मारतो’ एवढं, जे दिसतं ते, लिहावं.

वचन कुणाचं, हेही पाहावं लागतं. भारतात विकल्या जाणाऱ्या आयात केलेल्या पाकीटबंद वस्तूवर आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा फोन व ईमेल छापणं वैधमापनाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे बंधनकारक आहे. खोक्याच्या एका बाजूला पांढरा स्टिकर चिकटवलेला असतो, तोच हा. आपण बहुधा खोकं फाडून रद्दीत घालतो आणि त्याबरोबर वॉरंटीचा पत्ताही जातो. अमेरिकेतून भाच्याने आणलेल्या जॉयस्टिकवर असा स्टिकर नसतो. बहुतेक वॉरंट्या खरेदीच्या देशापुरत्या असतात, तेव्हा ती जॉयस्टिक परत भाच्याकडेच पाठवावी लागते. स्वस्तात मिळाली म्हणून आनंद मानताना हा हिशेब धरावा.

ब्रँडचा मालक बदलू शकतो, हे या धंद्यात घडलेलं आहे. सायटेक हे सिम्युलेटरवाल्यांच्या ओळखीचं जुनं नाव. ते मॅड कॅट्झ कंपनीकडे होतं. २०१६ मध्ये लॉजिटेकने ते १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी मॅड कॅट्झचं दिवाळं वाजलं. अशा अदलाबदलीत दुकानदाराचं तोंडी आश्वासन काही कामाचं नसतं. बिल, लेबल आणि वॉरंटीचा कागद हेच हातात राहतं.

उघडण्याबद्दल. नेपानगरात किंवा बऱ्हाणपुरात टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा हुशार कारागीर पॉट साफ करून देऊ शकेल, नवाही बसवू शकेल; सुटा भाग फार महाग नसतो. वॉरंटी संपली असेल तर जरूर त्याच्याकडेच जावं. मुदतीत असताना मात्र सील तोडू नये. अमेरिकेत १९७५ च्या वॉरंटी कायद्याचा आधार घेऊन तिथल्या व्यापार आयोगाने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना ताकीद दिली होती: ‘सील तुटलं की वॉरंटी रद्द’ अशा अटी चालणार नाहीत. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तिथे द्यावी, अशी कल्पना. दिशा बरोबर आहे. पण तुटक्या सीलचं खोकं घेऊन भांडताना ते पोर्टल अजून पाठीशी उभं राहत नाही.

दुरुस्ती म्हणजे बहुधा बदली

तक्रार गेली की एक तिकीट नंबर येतो आणि प्रश्नांची फैर सुरू होते. दुसऱ्या पोर्टला लावून पाहिलंत का? ड्रायव्हर काढून पुन्हा टाकलात का? फर्मवेअर अद्ययावत केलंत का? माणूस वैतागतो. पण हे प्रश्न निव्वळ टोलवाटोलवी नसतात. परत आलेल्या कित्येक वस्तूंमध्ये दोष सापडतच नाही आणि त्यांचा येण्या-जाण्याचा खर्च कंपनीवर पडतो. चौकटीत दिलेली सामग्री पहिल्याच ईमेलला जोडली, तर यातले बरेच प्रश्न विचारायच्या आधीच निकाली निघतात.

कंपनीला दोष पटला की परतीचा क्रमांक मिळतो. तो खोक्यावर लिहायचा असतो. त्याशिवाय आलेलं पार्सल गोदामात बेवारस पडून राहतं. पुढे दुरुस्तीच होईल असं मात्र समजू नये. एका जॉयस्टिकसाठी तंत्रज्ञाने स्क्रू काढायचे, तार डागायची, पुन्हा कॅलिब्रेट करून तपासायचं, या वेळेची किंमत स्वस्त जॉयस्टिकच्या किमतीच्या जवळ जाते. म्हणून कंपनी सरळ दुसरा नग देते. तो नवा असेल किंवा दुरुस्त करून तपासलेला असेल. अटींमध्ये दोन्हीची मुभा ठेवलेली असते. महागडे योक, म्हणजे विमानाच्या स्टिअरिंगसारखी हँडलं, आणि मेटलची थ्रॉटल यांच्या बाबतीत सुटा भाग, उदाहरणार्थ एखादी केबल किंवा सर्किटची पट्टी, घरी पाठवून ‘तुम्हीच बसवा’ असंही सांगितलं जातं. चांदनीकराला हा पर्याय सगळ्यात सोयीचा. फक्त असं उघडण्याने वॉरंटी जाणार नाही, हे कंपनीकडून लेखी घ्यावं.

खोकं चांदनीहून निघतं

पाठवण्याचा खर्च कुणाचा, हे वॉरंटीच्या कागदात शोधावं. पुष्कळ ठिकाणी जाण्याचा खर्च ग्राहकाचा आणि परतीचा कंपनीचा असतो. काही कंपन्या घरून उचलून नेतात, पण ती सोय पिनकोडवर ठरते आणि लहान गावांच्या पिनकोडवर ‘सेवा उपलब्ध नाही’ असं उत्तर येऊ शकतं. मग बऱ्हाणपूर किंवा खंडव्याला जाऊन कुरिअर गाठायचं, नाहीतर पोस्ट.

कुरिअरचा दर वजनावर असतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते दोन वजनं काढतात आणि जास्त असेल त्याचे पैसे घेतात. दुसरं वजन आकाराचं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सामान्यतः ५००० ने भागायचं. समजा योकचं मूळ खोकं ५५ बाय ४० बाय ३० सेंटिमीटर आहे. गुणाकार ६६,०००, भागाकार १३.२ किलो. आतला योक पाच किलोचा असला तरी पैसे १३.२ किलोचे. म्हणून मूळ खोक्यातला घडवलेला फोम किंवा पुठ्ठा वापरावा, पण खोक्यात थ्रॉटलची वेगळी युनिटं, क्लँप, माहितीपुस्तिका असं भारंभार सामान राहू देऊ नये. कंपनीने मागितलेला भागच लहान खोक्यात नीट बसवता येतो का ते आधी विचारावं. हँडल हलणार नाही असं बांधावं. प्रवासात धक्के खाऊन सांधा तुटला, तर ‘फुटलेली वस्तू आली’ असा शेरा पडतो आणि मूळ बिघाडाची चौकशीच थांबते. बंद करण्याआधी आतला फोटो, बंद केल्यावर बाहेरचा फोटो, आणि कुरिअरची पावती: या तीन गोष्टी हातात असल्या की असा शेरा आला तरी उत्तर देता येतं.

कंपनी ‘नाही’ म्हणाली तर

ग्राहकाने हक्काने भांडावं, ही चळवळ मराठी माणसाच्या परिचयाची आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला तो त्यानंतर, १९८६ मध्ये. आज लागू आहे तो २०१९ चा कायदा, जुलै २०२० पासून.

या नव्या कायद्यात चांदनीसारख्या गावासाठी एक मोठा बदल झाला. पूर्वी तक्रार साधारणपणे समोरची कंपनी जिथे धंदा करते किंवा तक्रारीचं कारण जिथे घडलं, तिथल्या मंचाकडे करावी लागे. जागेवरूनच वाद होत. आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय मुंबईत असो की बेंगळुरूत, तिने आपल्या जिल्ह्यात यायचं. दूरदृश्य पद्धतीने सुनावणीचीही तरतूद आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील लावणं सक्तीचं नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलायला किंवा पैसे परत द्यायला सांगू शकतो.

आयोगापर्यंत जाण्याआधी दोन पायऱ्या करून पाहाव्यात. ऑनलाइन घेतलेल्या मालासाठी २०२० चे ई-कॉमर्सचे नियम आहेत. त्यांप्रमाणे विक्री करणाऱ्या संकेतस्थळाने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, असंही त्यात आहे. ‘सात दिवस उलटले, आता कंपनीशी बोला’ असं उत्तर आलं, की या अधिकाऱ्याला नावाने ईमेल करावा. दुसरी पायरी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. तिथे निवाडा होत नाही, पण तक्रार कंपनीच्या वरच्या माणसाकडे जाते आणि पुष्कळदा तेवढ्याने काम होतं.

एक अडचण तांत्रिक आहे. कंपनी ‘दोषच नाही’ म्हणाली आणि व्हिडिओने पटलं नाही, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवू शकतो. त्याची फी आधी तक्रारदाराने भरायची असते. कायद्याने निकाल तीन महिन्यांत आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत लावायचा प्रयत्न करायचा आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे कुठल्याही कोर्टाची पायरी चढलेल्याला सांगायला नको. तीन-चार हजारांच्या जॉयस्टिकसाठी एवढं करावं का, हा ज्याचा त्याचा निर्णय. तीस-चाळीस हजारांच्या योकसाठी मी नक्की करीन.

बऱ्हाणपुरात कुणी चार संगणक मांडून तासावर गेम पार्लर चालवत असेल, त्याच्यासाठी अजून एक गोष्ट. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्याखाली ‘ग्राहक’ ठरत नाही. मात्र स्वतः राबून, स्वयंरोजगार म्हणून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू याला अपवाद आहे. कंपनीच्या वॉरंटीत मात्र ‘फक्त घरगुती वापर’ अशी वेगळी अट असू शकते, ती खरेदीआधीच वाचावी.

बदली नग आल्यावर

पार्सल उघडतानाच व्हिडिओ चालू ठेवावा आणि खेळात शिरण्याआधी त्याच टेस्टच्या खिडकीत सगळे अक्ष, सगळी बटणं तपासावीत. बदली नगाला नव्याने वर्षभराची वॉरंटी मिळतेच असं नाही. बहुतेक ठिकाणी मूळ वॉरंटीचे उरलेले महिनेच चालू राहतात. शिवाय या नगाचा सीरियल नंबर बिलावरच्या नंबरशी जुळत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा काही झालं, तर ‘हे बिल या वस्तूचं नाही’ असं उत्तर येऊ शकतं. जुना नंबर, नवा नंबर आणि वॉरंटी संपण्याची तारीख लिहून एक ईमेल कंपनीकडून त्याच आठवड्यात मागून घ्यावा आणि छापून बिलालाच टाचून ठेवावा.